कंबोडियाची सहल: नुसती देवळे पाहून परत येऊ नका

सहलीला पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण सगळा टूरवाल्याच्या कार्यक्रमपत्रिकेचा. देशाचा, तिथल्या माणसांचा किंवा दोन्ही स्थानिक गाईडांचा अर्धा गुणही कापावासा वाटला नाही. चाळीसगावात जन्मभर गणित शिकवले आहे, त्यामुळे गुण कुठे आणि का कापले हे दाखवल्याशिवाय मला पेपर परत देता येत नाही.

टूरवाल्याचे नाव लिहीत नाही. पैसे भरण्याआधी जळगाव-नाशिककडच्या बऱ्याच जणांची पत्रके मागवून पाहिली होती, थोड्याफार फरकाने सगळ्यांचा कार्यक्रम हाच. सिएम रीप, अंगकोर वाट, बायॉन, ता प्रोम, बांते स्रेई, तोनले साप सरोवरात बोट, 'अप्सरा नृत्यासह भोजन', मग बसने नॉम पेन, राजवाडा, 'मनसोक्त खरेदी', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'जेल म्युझियम, ऐच्छिक'. या शेवटच्या ओळीवरच माझे सगळे भांडण आहे. पण आधी देवळांचे सांगते, कारण जातो आपण त्यासाठीच.

अंगकोरचा पास तिकीटखिडकीवर तुमचा फोटो काढून देतात. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचाच घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. साडीवाल्यांना प्रश्नच नाही, बर्मुडा घालून आलेल्या आमच्यातल्या दोघा साहेबांना मात्र खाली बसून राहावे लागले. पहाटे सूर्योदयाला नेतात तेव्हा तळ्याकाठी एवढी गर्दी असते, की सूर्य लोकांच्या मोबाईलमध्येच बघावा लागतो. उजाडल्यावर ही गर्दी नाश्त्याला पांगते. खरे बघायचे ते तेव्हा.

अंगकोर वाटच्या पूर्वेच्या ओवरीत जवळजवळ पन्नास मीटर लांबीच्या एका भिंतीवर समुद्रमंथन कोरले आहे. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मधोमध विष्णू, त्याच्याखाली कासव. वासुकीचे तोंड असुरांकडे आणि शेपूट देवांकडे, अगदी आपल्या कथेप्रमाणे. शेपटाच्या टोकाला चक्क एक वानर धरून उभा आहे. आमच्या सिएम रीपच्या गाईडने टॉर्च मारून खालची पट्टी दाखवली: समुद्रात मासे आणि मगरी पोहताहेत, पण रवीच्या जवळ आले की घुसळणीने त्यांचे दोन तुकडे झालेले. कोरणाऱ्याने पाण्याचा जोर दाखवायला लाटा नाही काढल्या, तुटलेले मासे काढले. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे. तिथे पारोळ्याच्या आक्का गाईडच्या पुढे जाऊन स्वतःच सांगायला लागल्या, "हा बघा, बाणांवर निजलाय तो भीष्म." गाईडने त्यांना हात जोडले आणि तो बाजूला झाला. दक्षिणेकडे यम आणि चित्रगुप्त, वर ३७ स्वर्ग आणि खाली ३२ नरक. नरकांपुढे आमची मंडळी जास्त वेळ रेंगाळली.

हे देऊळ बांधवणारा दुसरा सूर्यवर्मा १११३ च्या सुमारास गादीवर आला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे इकडे आचार्य गणित मांडत होते त्याच वर्षांत तिकडे हे दगड चढत होते. हे मी बसमध्ये सांगितले तर टूर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, छान माहिती दिलीत," आणि त्याने अंताक्षरी सुरू केली.

ता प्रोमला भिंतींवर चढलेली झाडे सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असतात, तिथल्या जीर्णोद्धाराचे काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याकडे होते हे फलक वाचल्यावर कळते. अंगकोर वाटवरही १९८६ ते १९९३ याच खात्याची माणसे होती. देशात तेव्हा यादवी संपलेली नव्हती. त्यांनी दगड धुतले त्या पद्धतीवर नंतर टीका झाली, तीही गाईडने आडपडदा न ठेवता सांगितली. मला हे आवडले. भारतीय गिऱ्हाईक आहे म्हणून त्याने नुसते गोड गोड बोलून वेळ मारली नाही.

पण हाच गाईड काही जागी गप्प व्हायचा. खांबांवर गोल खळगे दिसले. विचारल्यावर 'गोळ्या' एवढेच म्हणाला. मूर्तींना डोकी नाहीत. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत चोरांनी कापून नेली, विकली. ता प्रोमच्या वाटेवर झाडाखाली काही माणसे वाद्ये वाजवत बसलेली होती. कुणाला पाय नाही, कुणाला हात नाही, पुढ्यात पाटी: आम्ही सुरुंगांचे बळी, भीक नको, संगीत ऐका. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे टाकले, फोटो काढले आणि पुढे निघाले. हे सुरुंग कुणी पेरले, कधी पेरले, एकाने विचारले नाही आणि मॅनेजरने सांगितले नाही. बाराव्या शतकाबद्दल आम्हाला तासभर माहिती मिळाली आणि समोर बसलेल्या माणसांबद्दल अर्धे वाक्यही नाही. सहलीची आखणी कुठे चुकली आहे ते मला तिथेच दिसले.

एक दुपार मोकळी होती. मंडळी मसाज करायला गेली. चोपड्याचे नाना आणि मी टुकटुक करून सुरुंग शोधणाऱ्या उंदरांचे केंद्र बघायला गेलो. 'आपोपो' नावाची संस्था ते चालवते. आफ्रिकेतले हे थोराड उंदीर, स्फोटकाचा वास बरोबर ओळखतात आणि वजनाने इतके हलके, की त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराने पाच वर्षांत शंभरावर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले, २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. नानांची केळीची बाग आहे. उंदीर म्हटला की त्यांना ठिबकचे कुरतडलेले पाईप आठवतात. पट्टा बांधलेला उंदीर दोरीच्या आधाराने सरळ रेषेत जातो, एका जागी थांबून माती खरवडतो आणि बक्षीस म्हणून त्याला केळीचा तुकडा मिळतो, हे बघून नाना बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "केळं खावाना हक्क से त्याना." पत्रकात नसलेली ही जागा सिएम रीपमध्ये जरूर बघा.

जेवणाचे थोडक्यात. शाकाहारी असाल तर रोज पंजाबी हॉटेलात नेतात आणि तिथली प्रत्येक भाजी गोड लागते. शेवभाजीवर वाढलेल्या माणसाने ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्यावीच. तिथला अमोक नावाचा नारळाच्या दुधातला पदार्थ मुळात माशाचा, पण मागितल्यास भाज्या घालून देतात, तो एकदा खाऊन बघा. रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेली केळी मिळतात, आखूड आणि जाडसर. नानांनी घडाचा भाव विचारला, बाईने सांगितला, मग नाना बसमध्ये बसून बराच वेळ मोबाईलवर हिशोब करत होते. डॉलर सगळीकडे चालतात, मात्र नोट कोपऱ्यात जरा फाटलेली असली तरी घेत नाहीत. सुटे रिएलमध्ये देतात, डॉलरला साधारण चार हजार.

सिएम रीपहून नॉम पेन सव्वातीनशे किलोमीटर, बसने सहा तास. या रस्त्याचा नंबरही ६. आमच्या जुन्या हायवे नंबर सहावर धुळे-जळगाव-भुसावळ करत ज्यांची हाडे खिळखिळी झालीत त्यांना सांगते, तिथला सहा नंबर पुष्कळ बरा आहे. वाटेत कोम्पोंग क्देइ गावी जांभ्या दगडाचा, विसावर कमानींचा, अंगकोरच्या राजांच्या काळातला पूल आहे. दोन्ही कठड्यांना नागाच्या फणा. बस थांबली नाही. त्याऐवजी पुढे ज्या ढाब्यावर थांबलो तिथे तळलेले कोळी विकायला होते. फोटोंना ऊत आला.

नॉम पेनला राष्ट्रीय संग्रहालय आहे, लाल रंगाची इमारत, राजवाड्याच्या शेजारी. पत्रकात त्याला 'धावती भेट' होती. माझे काम एकाच दगडाशी होते आणि नॉम पेनच्या आमच्या गाईडबाईंनी बाकीच्यांना बागेत बसवून मला सरळ तिथे नेले. सांबोर इथल्या शिलालेखात सालाचा आकडा आहे: शके ६०५. म्हणजे इसवी सन ६८३. आपल्या पंचांगातला शालिवाहन शक, मेकाँग नदीच्या काठी. आणि या आकड्यातले शून्य म्हणजे एक ठिपका. सहाचा आकडा, ठिपका, पाचाचा आकडा. ग्वाल्हेरच्या देवळातले शून्य ८७६ चे, वर्गात मी नेहमी त्याचेच उदाहरण द्यायची. हे त्याच्याही जवळपास दोनशे वर्षे आधीचे, आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी. बोटाच्या टोकाएवढा खळगा, पण तो नसता तर सहाशे पाचाचे पासष्ट झाले असते. गाईडबाईंनी पुढची गोष्ट सांगितली. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांच्या राजवटीनंतर (१९७५ ते १९७९) हा दगड कुठे आहे याचा पत्ता नव्हता, लोकांनी तो गेलाच असे धरले होते. २०१३ मध्ये सिएम रीपच्या एका गोदामात इतर दगडांच्या ढिगात तो मिळाला.

आता 'ऐच्छिक' प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने विचारले, "जेलला कोण येतंय? मार्केटला कोण?" वर हेही म्हणाला, "तिथे बघण्यासारखं काही नाही, उगाच मूड जातो." निम्मी मंडळी मार्केटला गेली. मी त्यांना दोष देत नाही. हजारो रुपये मोजून आलेल्या माणसाला तुम्ही मूड जातो म्हणून सांगितले, तर तो कशाला येईल?

तुओल स्लेंग हे मुळात जेल नव्हतेच. ती शाळा होती. हायस्कूल. तीन मजली इमारती, लांबच लांब व्हरांडे, मधे पटांगण, कसरतीचा उंच खांब. आत पाय टाकला आणि मला सगळे ओळखीचे वाटले. वर्ग किती फुटांचा असेल, खिडकी कुठल्या बाजूला, फळा कुठे, न बघता सांगता आले असते. १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूजने नॉम पेन घेतले, काही दिवसांत सगळे शहर रिकामे करून माणसे शेतांवर हाकलली, चलन बंद केले, शाळा बंद केल्या. बंद पडलेल्या या शाळेचा तुरुंग झाला, नाव एस-२१. 'अ' इमारतीत एकेका वर्गात एकेक लोखंडी खाट आहे, बेड्या तशाच, भिंतीवर १९७९ मध्ये ती खोली जशी सापडली त्याचा फोटो. काही भिंतींवर फळाही आहे. 'क' इमारतीत वर्गांच्या मधल्या भिंती फोडून आरपार वाट केली आहे आणि आत विटांच्या कोठड्या बांधल्या आहेत, इतक्या अरुंद की मी हात पसरले असते तर दोन्हीकडे भिंत लागली असती. व्हरांड्याला वरपासून खालपर्यंत काटेरी तार. ती कैदी पळू नयेत म्हणून असेल असे मला वाटले होते. गाईडबाई म्हणाल्या, वरून उडी टाकून कुणी आपण होऊन मरू नये म्हणून.

किमान १२,००० माणसे इथून गेली, काही अभ्यासक १८,००० पर्यंत आकडा सांगतात. वाचलेल्या प्रौढांची संख्या डझनाच्या आसपास. वाचले ते उपयोगी होते म्हणून: वान नाथ चित्रकार होता, त्याच्याकडून पोल पॉटची चित्रे काढून घ्यायची होती. चुम मेय यंत्रे दुरुस्त करायचा. इथे काय चालायचे त्याची वान नाथने पुढे काढलेली चित्रे आता तिथेच लावली आहेत. आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढून नंबर लावत, ते फोटो रांगेने मांडले आहेत. बायका आहेत, तान्ह्या मुलांना घेतलेल्या आया आहेत, माझ्या आठवीच्या वर्गात शोभतील अशी पोरे आहेत.

या तुरुंगाचा प्रमुख डुच नावाने ओळखला जाई. तो आधी गणिताचा शिक्षक होता. हुशार, शिस्तीचा, मुलांचा आवडता, असे सांगतात. मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब तो बारकाईने वाचायचा आणि समासात शेरे लिहायचा. इथे अपुरे आहे, हे पुन्हा विचारा. काचेखाली ठेवलेले कागद मी फार वेळ बघू शकले नाही. समासात शेरे मी पण आयुष्यभर लिहिले आहेत. व्यवस्थितपणा, नीटनेटकी वही, एकही नोंद न चुकणे, हे गुण आम्ही मुलांच्या अंगी बाणवतो आणि त्यांना चांगले गुण म्हणतो. डुचला २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो वारला.

आमच्या गाईडबाई पन्नाशीच्या आतल्या. त्यांची आई तेव्हा शाळकरी पोर होती, घरच्यांबरोबर चालत बट्टाम्बांगकडे गेली आणि परतताना एकटी होती. हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत, आकडे आणि तारखा मात्र एकदाही चुकवल्या नाहीत. त्या पावणेचार वर्षांत देशातले अंदाजे १५ ते २० लाख लोक मेले, चार-पाच माणसांमागे एक. आक्कांनी विचारले, "मग तुम्ही रोज रोज हे कसं सांगता?" बाई म्हणाल्या, "आमच्याकडची तरुण मुलं पण विचारत नाहीत. तुम्ही विचारता, म्हणून सांगते." साडेतीन गुणांपैकी एक पूर्ण गुण या बाईंचा.

शहराबाहेर पंधराएक किलोमीटरवर 'चोएंग एक' नावाची जागा आहे. एस-२१ मधून रात्री ट्रकने माणसे इथे आणून मारत. उंच स्तूपात काचेमागे पाच हजारांवर कवट्या रचल्या आहेत. १२९ खड्ड्यांपैकी ८६ उकरले, बाकीचे तसेच ठेवले. पाऊस झाला की अजून हाडे आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात. वाटेवर पाय जपून टाका, असे सांगतात ते त्यासाठी. गोळ्या महाग म्हणून शेतीची अवजारे वापरली. ताडाच्या झावळीचा देठ, करवतीसारख्या कडेचा, तोही वापरला. दालनात मांडलेल्या वस्तूंपुढे नाना थांबले. "बाई, हाऊ ते गाडाना आस से." बैलगाडीचा आस, खरोखरच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि बाहेर जाऊन झाडाखाली बसले.

आणि इथे आम्हाला मिळाला वेळ किती? दोन्ही जागा मिळून जेमतेम अडीच तास. कारण दुपारी रत्नांच्या दुकानात 'अनिवार्य भेट' होती. ते ऐच्छिक नव्हते! जळगावची माणसे, सोन्याच्या बाजारात लहानाची मोठी झालेली, त्यांना हा टूरवाला कमिशनसाठी नीलमाणके दाखवायला नेतो. आमच्यातल्या एका सराफाच्या बायकोने दोन खडे उजेडात धरून बघितले आणि काही न बोलता परत ठेवले. बाकी तासभर आम्ही एसीत बसून चहा प्यालो. मी मॅनेजरला सांगितले, हा तास तुओल स्लेंगला दिला असता. तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना ते झेपत नाही." सगळ्यांना काय झेपते हे सगळ्यांना विचारले होते का?

जुलै २०२५ मध्ये आपल्या शिवरायांच्या काळातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात जागा मिळाली तेव्हा साल्हेर आपल्याच बाजूचा म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. युनेस्कोच्या त्याच बैठकीत तुओल स्लेंग, चोएंग एक आणि एम-१३ हा आणखी एक जुना तुरुंग, या तिन्ही जागाही यादीत गेल्या. अंगकोर १९९२ पासून आहेच. कंबोडियाने आपली देवळे आणि आपले कत्तलखाने दोन्ही जगापुढे एकाच मानाने मांडले. आमचा टूरवाला त्यातले एक मोठ्या अक्षरांत छापतो आणि दुसरे बारीक अक्षरांत.

जाणाऱ्यांसाठी: पैसे भरताना तुओल स्लेंग आणि चोएंग एक कार्यक्रमात पक्के आहेत का, प्रत्येकी किती तास, आणि आत स्थानिक गाईड आहे की नुसते तिकीट, हे लेखी घ्या. चोएंग एकला कानाला लावायचे ऑडिओ गाईड मिळते, ते घ्याच. तुओल स्लेंगच्या आवारात हसू नका अशा खुणेची पाटी आहे, तिथे ग्रुप सेल्फी काढणाऱ्यांना आवरायची जबाबदारी मॅनेजरची, आणि आमच्या मॅनेजरने ती घेतली नाही. दहावीच्या खालची मुले असतील तर त्यांना सिएम रीपचे उंदीर दाखवा आणि नॉम पेनच्या सकाळी घरच्या कुणाबरोबर तरी हॉटेलात ठेवा. रत्नांच्या दुकानाला सरळ नाही म्हणा, बस थांबली तरी उतरू नका. एकटे असाल तर वेगळ्या खोलीचे पैसे जास्त पडतात, ते आधी विचारा, मला ऐन वेळी सांगितले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. भुसावळचा मे काढलाय म्हणून एप्रिलमध्ये जायची हिंमत करू नका, तिथली दमट हवा आपल्याला सोसत नाही.